कोंडाजीच्या डॉजचा बोल्ट

दुपार टळायला आली तेव्हा जयरामला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या त्या बोल्टला देऊन झाल्या होत्या. बोल्ट ढिम्म. इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, पुलीच्या मधोमध, मुठीएवढं डोकं बाहेर काढून तो बसला होता. सकाळी 'जेवायच्या आत काढून देतो' असं छातीठोकपणे सांगणारा जयराम आता घामाने निथळत त्याच्यासमोर उकिडवा बसला होता आणि जेवणाचा डबा तसाच खिळ्याला लटकत होता. मेकॅनिकने अशी वेळ कधी सांगू नये. हे त्याला इतक्या वर्षांत कितीदा तरी कळलं होतं, पण गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं की जीभ घसरायचीच.

त्यातून हे गिऱ्हाईक साधं नव्हतं. कडुनिंबाखाली टाकलेल्या जुन्या टायरवर लंकाबाई सकाळपासून बसून होती. टॅक्सीवाल्या कोंडाजीची बायको. कोंडाजीची ही डॉज नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर जुनी होत गेलेली. काळी, लांबलचक, चढावर धापा टाकणारी, म्हणून सगळा स्टँड तिला 'म्हैस' म्हणायचा. मागे सहा यात्रेकरू बसलेले असले तरी कोंडाजी खिडकीतून हाक मारायचा, "या, अजून दोघं मावतील!" आणि मावायचेही.

माघात कोंडाजी गेला. गेला तो याच बोल्टपायी. बोल्टच्या मागच्या सीलमधून इंजिनाचं तेल गळायला लागलं होतं. सील बदलायचं तर पुली काढायला हवी, आणि पुली काढायची तर आधी बोल्ट. मेकॅनिककडे कशाला जा, म्हणून त्याने घरच्या अंगणातच पाना लावला. तीन दिवस तो त्या बोल्टशी झटत होता. तिसऱ्या दिवशी छातीत कळ आली, पुढच्या चाकाला टेकून बसला तो उठलाच नाही. लंकाबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा पाना बोल्टवर तसाच अडकलेला होता.

मागच्या महिन्यात पासिंगच्या साहेबाने गाडीखाली तेलाचं थारोळं पाहिलं आणि म्हैस परत पाठवली. उद्या सकाळची खेप शेवटची. उद्या गाडी पास झाली तर परमिट लंकाबाईच्या नावावर चढणार होतं. तिचा विंचूरचा भाऊ गाडी चालवायला तयार होता, दोन पोरींची शाळा सुटणार नव्हती. गाडी पास झाली नाही तर परमिट गेलं, मग म्हशीची किंमत लोखंडाच्या भावाने. जयरामला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच त्याने हातातली दोन कामं बाजूला सारून सकाळीच म्हशीचा रेडिएटर खाली उतरवला होता. आता ती तोंड उघडं पडून उभी होती, आणि बोल्ट निघाला नाही तर कोंडाजीने सोडली त्याहून वाईट अवस्थेत ती उभी राहणार होती. तो दोष मात्र जयरामचा.

"वैनी, म्या काय म्हनतो," बहिरूने पुन्हा सुरू केलं. बहिरू हा कोंडाजीचा धाकटा भाऊ. सकाळी मदतीला म्हणून आला होता आणि आतापर्यंत मदत कमी, बडबड जास्त करत होता. "भंगारात द्या ही गाडी. माझा भाऊ खाल्ला तिनं. आता कुनाकुनाला खायची वाट बघायची?"

लंकाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

"बहिरूभाऊ, तोंड थांबवा आणि हात द्या," जयराम म्हणाला.

पान्यावर पाइप चढवून दोघांनी जोर करायचा, तर बोल्टबरोबर आतला क्रँकचा दांडाच फिरायचा आणि जोर वाया जायचा. क्रँक अडवण्याची एक जुनी युक्ती जयरामकडे होती. त्याने एक प्लग काढला. कोंडाजी यात्रेकरूंच्या वळकट्या टपावर बांधायचा ती सुती दोरी डिकीत होती, ती प्लगच्या भोकातून आत सोडली. दोरीचं भेंडोळं सिलिंडरमध्ये दाबलं गेलं की पिस्टन अडतो, क्रँक जागच्या जागी थांबतो आणि लोखंडाला इजाही होत नाही. दोरीचं टोक मात्र त्याने आठवणीने बाहेर ठेवलं. मग दोघांनी पाय रोवले.

"हं, एकदम नाही. चढता जोर द्या. चढता..."

पाइप वाकायला लागला. बहिरूच्या मानेच्या शिरा टरारल्या. जयरामला वाटलं आता सुटतो, आत्ता सुटतो, आणि पाना सटकला. जयराम पुढच्या बंपरवर आदळला, उजव्या हाताची सालटी निघाली. पण त्याने हात पाहिला नाही, आधी बोल्ट पाहिला.  बोल्टच्या डोक्याचा एक कोपरा झिजून गोल झाला होता.

कोपरे गेले की पाना धरत नाही. आणि त्याहूनही वाईट म्हणजे असाच जोर करत राहिलं तर बोल्ट क्रँकच्या तोंडातच तुटणार. मग अख्खं इंजिन खाली उतरवायचं. उद्या सकाळी कसलं, आठवड्याभरातही गाडी उभी राहिली नसती, आणि म्हशीच्या जातीचा क्रँक सगळ्या नाशिकात कुठे मिळाला असता? जयरामने हात पँटला पुसला आणि चेहरा शक्य तितका साधा ठेवला.

"काय झालं, भाऊ?" लंकाबाई उठून जवळ आली होती.

"काही नाही. दुसरी रीत करू. तुम्हाला गाडीत बसावं लागेल, वहिनी."

दुसरी रीत सगळ्या मेकॅनिकांना ठाऊक असते आणि शहाणा माणूस ती सहसा करत नाही. दोरी बाहेर काढायची. इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची तार सोडायची. लांब पाना बोल्टला लावून त्याचा दांडा चासीला अडकवायचा आणि सेल्फ मारायचा. इंजिन फिरायला बघतं, पाना अडून राहतो, आणि त्या हिसक्याने बोल्ट सुटतो. नाही सुटला तर पाना कुठे उडेल याचा नेम नाही.

लंकाबाई नवऱ्याच्या सीटवर बसली. तिथे ती कधीच बसली नव्हती, तिची जागा नेहमी पलीकडच्या दाराशी असायची. तिने आधी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला. जयरामने बटण दाखवलं. "मी 'हं' म्हटलं की दाबायचं आणि लगेच सोडायचं. लगेच. समजलं?"

"समजलं. तुमी लांब उभं राहा."

"हं!"

म्हैस अंगातून हादरली. धाड्कन आवाज झाला, पाना चासीवरून सुटला आणि पत्र्याच्या शेडवर जाऊन आपटला. बहिरू ओरडत मागे पळाला. लंकाबाईने बटण केव्हाच सोडलं होतं, पण ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून डोळे मिटून बसली होती.

"लागलं का कुनाला?" डोळे न उघडताच तिने विचारलं.

"नाही. उतरा खाली."

बोल्ट ढिम्म. आता मात्र जयरामने हात टेकले. खोटं कशाला बोला, त्याला रडू यायचंच बाकी होतं. शेडमध्ये भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि शेजारी बुद्धाचं छोटं चित्र, त्यांच्याकडे त्याची नजर गेली. पण तिकडे काही मागायची त्याला सवय नव्हती आणि ते त्यांच्या शिकवणीतही बसत नव्हतं. बोल्ट माणसाने बसवला, तेव्हा तो माणसालाच काढता आला पाहिजे. त्याने रॉकेलचा डबा आणि घासायचा ब्रश घेतला आणि पुन्हा बोल्टसमोर बसला. काही सुचत नसलं की तो साफसफाई करायचा.

तेलकट काळा थर निघाला आणि खालून लाल रंग दिसायला लागला. सकाळीही तो दिसला होता, पण जयरामने त्याला गंज समजून सोडून दिलं होतं. आता त्याने छिन्नीच्या टोकाने खरवडलं. गंज असा निघत नाही. गंजाची भुकटी होते, याच्या खपल्या निघत होत्या. एक थर, खाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि बोल्टच्या डोक्यामागे, वायसरच्या फटीत थेट आतपर्यंत तो लाल रंग दगडासारखा भरलेला होता.

"वहिनी, इथे काय लावायचे कोंडाजीभाऊ?"

"ते नाय लावायचे, म्या लावायचे," लंकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात जरासा अभिमान होता. "शेंदूर हाय तो. दसऱ्याला सगळे गाडीला हार घालत्यात, हळदकुंकू लावत्यात. आमच्यात हेंडलची पूजा. हेंडलच्या तोंडाला शेंदूर माखायचा आन त्या दिवशी गाडी हेंडल मारूनच सुरू करायची. ते हेंडल मारायचे, म्या नारळ फोडायचे. लग्न झाल्यापासून एक दसरा चुकला नाय."

"शेंदूर कशात कालवायचा?"

"जवसाच्या तेलात. आमच्या माहेरी तेच."

जयरामने हातातली खपली नाकाशी नेली. वास फार मंद होता, पण ओळखीचा. त्याचे वडील मनमाडला रेल्वेत वाफेच्या पाइपांवर कामाला होते. पाइपाचा जोड कायमचा बसवायचा असला की ते पत्र्याच्या तुकड्यावर शेंदूर घ्यायचे, त्यात जवसाचं तेल ओतायचे आणि ते आट्यांवर चोपडायचे. वाफ काय, भूत आलं तरी तो जोड सुटायचा नाही. लहानपणी वडिलांच्या हाताला तोच वास यायचा.

गाडी सुरू करायचं हेंडल याच बोल्टच्या डोक्यात अडकवायचं असतं, त्यामुळे दर दसऱ्याला त्याच्या तोंडाला लावलेला शेंदूर बोल्टला लागत होता. इंजिन तापलं की तेल पातळ होऊन फटीतून आत, आट्यांमध्ये उतरत होतं, आणि गार झालं की तिथेच घट्ट होत होतं. वर्षानुवर्षं लंकाबाई स्वतःच्या हाताने, मनोभावे, तो बोल्ट चिकटवत आली होती. आणि त्याच बोल्टवर जोर करता करता कोंडाजी मेला.

 सकाळपासून ज्याचं कोडं पडलं होतं ते सुटलं, आणि सुटलं नसतं तर बरं झालं असतं असं जयरामला वाटलं. मान वर करून लंकाबाईकडे बघायची त्याला भीती वाटली.

"का हो, काय झालं?" तिने विचारलं.

"आच द्यावी लागेल बोल्टला," तो म्हणाला. "ब्लोलॅम्पने तापवायचा. पण त्याआधी हा शेंदूर खरवडून काढावा लागेल. त्याच्यावरून आच नीट पोचत नाही."

बहिरू इतका वेळ शेडच्या खांबाला टेकून होता, तो ताडकन पुढे आला. "शेंदराला छिन्नी लावनार? आन वरून आग? हे बघा जयरामभाऊ, तुमचं ठीक हाय. तुमी देव सोडले. आमी नाय सोडले."

जयरामच्या कानशिलाशी रक्त चढलं. हे वाक्य त्याने आयुष्यात वेगवेगळ्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं होतं. कधी हसत हसत, कधी असं. सकाळपासून हाच माणूस त्याच्या माठातलं पाणी पीत होता म्हणून तरी बरं. त्याच्या अगदी ओठावर आलं, की बाबा रे, तुमच्या देवानेच धरून ठेवलाय हा बोल्ट, तुझा भाऊ याच शेंदरापायी गेला. एवढं बोलला असता तर बहिरू जागच्या जागी गार पडला असता. पण मागे लंकाबाई उभी होती. जयरामने ते गिळलं.

"मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "गाडी वहिनींची आहे. त्या म्हणतील तसं."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ शेडमध्ये आली. लंकाबाई म्हशीच्या उघड्या तोंडापुढे येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला, बोल्टला हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. मग खाली बसली आणि जयरामपुढे हात केला.

"द्या ती छिन्नी. लावला म्या, काढनार बी म्याच."

"वैनी!"

"गप बसा, भाऊजी. देवाच्या अंगावरची शेंदराची खोळ बी कवातरी उतरवत्यातच ना? ती काय देव मोडायला उतरवत्यात?"

ती खरवडायला लागली. पडणारी प्रत्येक खपली ती पदरात झेलत होती, एक तुकडा जमिनीवर पडू देत नव्हती. बोल्टच्या डोक्याभोवती, खाचांत, फटीत, जिथे नख जाईल तिथे नखाने आणि जिथे छिन्नी जाईल तिथे छिन्नीने. जयराम फक्त कुठे जपायचं ते सांगत होता. उन्हं कलायला लागली होती आणि तिला घाई करा म्हणायचा त्याला धीर होत नव्हता. शेवटी बोल्टचं लोखंड उघडं पडलं. तिने पदराची गाठ मारली.

जयरामने आजूबाजूचं तेल पुसलं, पेट्रोलची नळी लांब बांधली, वाळूची बादली जवळ घेतली आणि ब्लोलॅम्प पेटवला. निळी ज्योत फुरफुरायला लागली. तो पुढे होणार तोच लंकाबाई म्हणाली, "ते बी मलाच द्या."

"जड आहे, वहिनी. हात भाजेल."

"द्या."

त्याने दिला. "तोंडावर पदर घ्या, याचा धूर वाईट असतो. आणि ज्योत एका जागी धरायची नाही. गोल फिरवत राहायची, सगळीकडून सारखी आच लागली पाहिजे."

लंकाबाईने ब्लोलॅम्प दोन्ही हातांत धरला आणि बोल्टभोवती फिरवायला लागली. उजवीकडून वर, डावीकडून खाली, पुन्हा उजवीकडून वर. बहिरूच्या ते आधी लक्षात आलं. तो पुढे आला, टोपी सारखी केली आणि मान खाली घालून उभा राहिला. ती ओवाळत होती.

फटीतून लाल-काळा धूर निघाला. जवसाचं तेल जळायला लागलं. बोल्ट आधी निळसर झाला, मग त्याला तांबूस छटा आली.

"बास. बाजूला व्हा. बहिरूभाऊ, या!"

दोरी पुन्हा प्लगच्या भोकातून आत गेली. पाना बोल्टवर हातोडीने ठोकून बसवला, झिजलेल्या कोपऱ्याच्या बाजूला पत्र्याची चकती घातली. पाइप चढला. एकच संधी होती. पुन्हा पाना सटकला तर कोपरे संपले, आणि बोल्ट तुटला तर सगळंच संपलं.

"चढता जोर. घाई नाही. चढता... अजून..."

कट्ट!

तिघंही थिजले. बोल्ट सुटला तरी असाच आवाज होतो आणि तुटला तरी असाच. जयरामची पाइप सोडायची छाती होईना. त्याने डोळे मिटून पाइप वीतभर पुढे ढकलला. पाइप जड होता, पण सरकत होता. आणखी वीतभर. हात फिरत होता तसं आत काहीतरी करकरत फिरत होतं. तुटलेला बोल्ट असा करकरत नाही.

"निघाला," तो म्हणाला. 

बहिरू मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "दादा," एवढंच म्हणाला.

जयरामने बोल्ट हळूहळू फिरवून बाहेर काढला. काढता काढताच त्याने अंग वळवलं, पाठ लंकाबाईकडे केली. बोल्टचे आटे मुळापासून टोकापर्यंत लालभडक भरलेले होते, जळल्या जागी काळपट. त्याने तो गरम बोल्ट रॉकेलच्या बोळ्यात गुंडाळला आणि हात भाजत असतानाही घासत राहिला.

"बघू तरी मेल्याला," मागून लंकाबाई म्हणाली.

तो अजून घासत होता.

"भाऊ, द्या ना."

त्याने बोल्ट दिला, बोळा खिशात कोंबला. लंकाबाईने बोल्ट तळहातावर फिरवून पाहिला. एवढासा. नवऱ्याला घेऊन गेलेली वस्तू एवढीशी असेल असं तिला वाटलं नसावं.

"कशानं बसला व्हता?"

"गंजाने."

"एवढा गंज?"

"पावसाचं पाणी गेलं असणार आत. गाडी उघड्यावर असायची ना."

लंकाबाईचा चेहरा एकदम सैल पडला. "म्या सांगायचे त्यांना," ती म्हणाली, "पावसात नका लावू गाडी, पुढं ताडपत्री तरी टाका. ऐकायचे नाय. माझं कवा ऐकलंय?" आणि ती रडायला लागली. माघापासून लोकांनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता ती नवऱ्याला बोल लावत लावत, हमसून हमसून रडत होती. जयरामने तिला रडू दिलं आणि नवं सील घेऊन म्हशीखाली शिरला.

दिवेलागणीला म्हैस सुरू झाली. खाली पसरलेला कागद कोरडाच राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. संध्याकाळी लंकाबाई पेढे घेऊन आली, भावाला गाडीतच बसवून एकटी आत आली. जयरामने पेढा तोंडात टाकला. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "वहिनी, दसऱ्याला शेंदूर बॉनेटवर लावत जा. हेंडलला ग्रीस बरं. गंज धरत नाही."

लंकाबाईने पेढ्यांचा पुडा मिटला.

"सकाळी गंगेवर गेले व्हते," ती म्हणाली. "तो शेंदूर सोडला पान्यात. विरघळला नाय, भाऊ. खड्यावानी बुडाला."

जयराम बोळ्याने हात पुसायला लागला.

"गंजच व्हता ना?"

तिने तो प्रश्न डोळ्याला डोळा देऊन विचारला होता. त्यात संशय होता, आणि त्याहून मोठी विनवणीही होती. जयरामने मान वर केली.

"गंजच होता, वहिनी."

"बरं," ती म्हणाली, आणि उरलेले पेढे पुड्यासकट बाकावर ठेवून निघून गेली.

रविवारी सकाळी वसाहतीच्या विहारात नेहमीप्रमाणे वंदना झाली. जयराम नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत होता, त्याचा आवाज मोठा म्हणून सगळे त्याच्यामागे म्हणायचे. पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं ठणठणीत झाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि जयरामचा आवाज बंद पडला. मागची माणसं अडखळली, कोणीतरी कसंबसं ते पुरं केलं. शेजारच्याने वळून त्याच्याकडे पाहिलं. जयराम हात जोडून समोर बघत होता.

पाचवं शील त्याने मोठ्याने म्हटलं.